मोकळ्या मैदानाचा गळा

आषाढीच्या आधीच्या आठवड्यात पंढरपूरच्या वाटेवरचं एखादं चहाचं दुकान, भाद्रपदात कुठल्याही गल्लीतला गणपतीचा मंडप आणि १४ एप्रिलला कुठल्याही भीमनगरातली कमान, या तिन्ही ठिकाणी थोडा वेळ उभं राहिलं की एकाच माणसाचा आवाज कानावर येतो. पंढरीच्या वाटेचं गाणं त्याचं, सुखकर्त्या गणरायाचं त्याचं आणि बाबासाहेबांचंही त्याचंच. आवाज चढा, मोकळा, किंचित खरखरीत. गाणारा समोर नसला तरी त्याने मान मागे टाकून, हात वर करून सूर लावलाय हे ऐकणाऱ्याला दिसतं. हे प्रल्हाद शिंदे. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्यानंतर जन्मलेली मुलंही त्यांचा आवाज ओळखतात, नाव मात्र अनेकांना सांगावं लागतं.

प्रल्हाद शिंदे आणि त्यांचं घराणं कल्याणचं. कल्याणच्या संगीताचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर पहिलं नाव कल्याण गायन समाजाचं येतं आणि ते योग्यच आहे. १९२६ साली स्थापन झालेली ही संस्था, भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ होणारा तिचा देवगंधर्व महोत्सव, तिथे बसून गाणं ऐकायला शिकलेल्या पिढ्या, या सगळ्याचा शहराला अभिमान आहे. पण त्याच शहरात रेल्वे रुळांच्या पलीकडे, चाळींच्या पटांगणात आणि मोकळ्या मैदानांवर दुसरं एक गाणं वाढत होतं. त्याला ना सभागृह होतं ना सभासद. त्याचे श्रोते रात्रपाळीहून येऊन सतरंजीवर बसत. या गाण्याने कल्याणचं नाव महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत नेलं आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी नेमकं तेच बाहेर ठेवलं. हे प्रकरण त्या गाण्याचं आहे.

ते कल्याणलाच का रुजलं याचं उत्तर रेल्वेच्या नकाशात सापडतं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तिथून एक फाटा कसाऱ्याचा घाट चढून नाशिक-खानदेशाकडे गेला, दुसरा बोरघाटातून पुणे-सोलापूरकडे. दुष्काळ पडला, शेतमजुरी आटली, की या दोन्ही दिशांनी माणसं मुंबईकडे निघत, आणि मुंबईत जागा मिळाली नाही की कल्याणला थांबत. रेल्वेत काम होतं, शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याला एनआरसी हे कारखाने उभे राहिले, आणि कामगारांच्या वस्त्या वाढल्या. देशावरचा आणि खानदेशातला माणूस आपापलं गाणं घेऊन इथे एका नळावर पाणी भरू लागला. एकाची भजनी चाल, दुसऱ्याचा पोवाडा, तिसऱ्याचं गोंधळाचं संबळ. गावोगावी पोचणारं गाणं तयार व्हायला असा श्रोता लागतो.

शिंदे घराण्याचं मूळ मंगळवेढ्याचं. आईवडील गाणी म्हणत फिरायचे, त्यावर पोट भरायचं. १९३३ साली जन्मलेल्या प्रल्हादने गाणं कुणाच्या पायाशी बसून शिकण्याआधी ते रस्त्यावर ऐकलं. या मंगळवेढ्याला एक जुनं दुःख आहे. चोखामेळा इथेच गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. ज्या विठ्ठलाचे अभंग त्यांनी रचले, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आलं नाही, समाधीही पायरीपाशी झाली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदाएक वर्षांचे होते. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजात आज लाखो वारकरी पंढरीची वाट आठवतात, त्याच्या बालपणात त्याच्या समाजाला ती वाट महाद्वारापर्यंतच होती. दत्ता पाटील यांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठक यांनी चाल दिलेलं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणं मी हे लक्षात ठेवून ऐकतो, तेव्हा त्यातली आर्तता नुसती भक्तीची वाटत नाही.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. त्यात गौरी-गणपतीची उपासना करणार नाही हीसुद्धा आहे. मग आंबेडकरी समाजातल्या गायकाने गणपतीची आणि विठ्ठलाची गाणी का गावीत? प्रश्न आणखी अवघड होतो तो पुढची गोष्ट कळल्यावर. ‘तूच सुखकर्ता’ हे गणपतीचं गाणं लिहिणारे हरेंद्र जाधव स्वतः भीमगीतांचे नामवंत कवी, पेशाने शिक्षक. घराघरातल्या गणपतीपुढे वाजणारं गाणं लिहिणारा आणि गाणारा, दोघंही ही उपासना नाकारणाऱ्या समाजातले होते.

याला ढोंग म्हणणं मला मान्य नाही. गाणं हा त्यांचा व्यवसाय होता, रेकॉर्ड कंपनीला भक्तिगीतं हवी होती आणि भीमगीतांच्या तबकड्यांना दुकानात मागणी कमी आहे असं त्या काळी समजलं जाई. पण एवढ्यावर सोडलं तर गाण्यावर अन्याय होतो. भजनी परंपरा दलित वस्त्यांमध्ये शतकानुशतकं होती. चाली, ठेके, टाळ्यांची लय, ओळ उचलून धरणारा कोरस हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं. देऊळ बंद होतं, पण देवळाबाहेरचं गाणं त्यांनीच जपलं. तेव्हा प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचं गाणं गातात ते कुणाकडून उसनं घेऊन नव्हे, हे माझं ठाम मत आहे. आणि भीमगीत गाताना हीच भजनी ताकद ते बाबासाहेबांच्या पायाशी ठेवतात.

या गळ्याची तिसरी तालीम कव्वालीची. आज हे विसरलं गेलंय की १९५०-६०च्या दशकांत मुंबई परिसरात कव्वाली ही रात्रभराची अतिशय लोकप्रिय करमणूक होती. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटात इस्माईल आझाद यांची कव्वाली गाजली आणि गल्लोगल्ली कव्वालीच्या पार्ट्या निघाल्या. कल्याणच्या उशाशी मलंगगड आहे. हाजी मलंगच्या दर्ग्याला माघ पौर्णिमेच्या उरुसात हिंदू-मुसलमान दोघंही चढून जातात, त्यामुळे इथल्या कानाला कव्वाली परकी कधीच नव्हती. आंबेडकरी गायकांनी हा साचा उचलला, उर्दूच्या जागी मराठी घातली, आणि प्रेयसीच्या जागी माणुसकीच्या हक्काचा विषय आणला. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी या मंचावरून गावोगाव गेली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा १५ मे २००४ रोजी वारले, प्रल्हाद शिंदे त्यानंतर सव्वा महिन्याने. एका उन्हाळ्यात भीमगीतांचा कवी आणि आवाज दोन्ही गेले.

कव्वालीची पार्टी कशी चाले ते सांगायला हवं, कारण हा आवाज तसा का घडला ते त्यात आहे. मधे मुख्य गायक, त्याच्यासमोर पेटी. बाजूला ढोलक, बेंजो, कधी क्लॅरिनेट. मागे टाळ्या वाजवणारा आणि ओळ झेलणारा कोरस. बेंजो म्हणजे आडव्या फळीवर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य, ज्याचा झणत्कार गर्दीच्या आवाजाला चिरून जातो. दोन पार्ट्यांचा सामना लागे, बहुतेक वेळा एक गायक आणि एक गायिका. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने चाल आणि यमक सांभाळून जवाब द्यायचा. रात्री दहाला सुरू झालेला सामना पहाटे संपे. माइक असे, पण भोंगे कर्कश आणि वीज बेभरवशाची. शेवटच्या रांगेत मुलाला मांडीवर निजवून बसलेल्या बाईपर्यंत शब्द पोचायचा, तर तो गळ्यातूनच फेकावा लागे. म्हणून हा आवाज चढ्या पट्टीतला आहे, म्हणून शब्द स्पष्ट आणि ओळीचा शेवट उघडा आहे. रागदारीच्या बैठकीत शोभणारी नजाकत इथे बुडून गेली असती. या गाण्याला कच्चं म्हणणाऱ्यांनी पाच हजार माणसांच्या मैदानात पहाटे तीन वाजता तार सप्तकात टिकून दाखवावं.

कार्यक्रम ठरवण्याला या मंडळींत सुपारी देणं म्हणतात. मंडळाचे दोघे-तिघे घरी येत, तारीख घेत, इसार ठेवत. चौदा एप्रिलची तारीख एकच, गावं असंख्य. म्हणून जयंती पुढे महिनाभर चालते आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत गायकाला घर दिसत नाही. १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली जयंती साजरी केली. तिथून वाढत गेलेल्या या उत्सवाने शेकडो गायक, वादक, कवी जगवले आहेत. कुठल्याही सरकारी योजनेने लोककलेचं एवढं भलं केलेलं मला माहीत नाही. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतून दहाची, पन्नासची नोट येते, गायक मधेच थांबून देणाऱ्याचं नाव पुकारतो आणि पुन्हा त्याच सुरावर उतरतो. हे नाव पुकारणं रसभंग करतं असं काहींना वाटतं. पण ज्याचं नाव गावात कुणी आदराने घेतलेलं नाही, त्याचं नाव माइकवरून उच्चारलं जाणं म्हणजे काय, हे त्या मैदानात बसल्याशिवाय कळायचं नाही.

मग कॅसेट आली. त्याआधी गाण्याचा बाजार तबकडीचा होता. एचएमव्हीचा दबदबा, रेकॉर्ड प्लेअर महाग, त्यामुळे कोणतं गाणं छापायचं हे मूठभर लोक ठरवत. १९८०च्या सुमारास टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, टी-सीरिज, व्हीनस अशा नव्या कंपन्या उतरल्या आणि थोड्या भांडवलात एखाद्या तालुक्याच्या बोलीतलं गाणंही विकता येऊ लागलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संशोधकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ साली पुस्तक लिहिलं. मराठीत त्याची गोष्ट लिहायची झाली तर ती कल्याणच्या शिंद्यांपासून सुरू करावी लागेल. प्रल्हाद शिंदे यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद यांचा आवाज कॅसेटवरून ट्रकात, रिक्षात, उसाच्या गुऱ्हाळात आणि वडापावच्या गाडीवर पोचला. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’ने तर १९८०च्या दशकात असा धुमाकूळ घातला की ज्यांना ते गाणं मुळीच आवडत नव्हतं त्यांनाही ते पाठ झालं.

त्या गाण्यावर अश्लीलतेचा शिक्का बसला. मला त्यात मराठी माणसाने तमाशाच्या फडात शतकभर ऐकलेली द्व्यर्थाची गंमतच दिसते. लावणी गाताना तीच गंमत रसिकता ठरते आणि कॅसेटवर आली की बाष्कळपणा, हा भेद गाण्यातला नसून ऐकणाऱ्याच्या मनातला आहे. आणि त्याच आनंद-मिलिंदनी भीमगीतांच्या कॅसेटींवर कॅसेटी दिल्या हे टीकाकार सोडून देतात. पूर्वी वर्षातून एकदा मैदानात ऐकायला मिळणारं भीमगीत त्यामुळे रोज सकाळी घरात वाजू लागलं. स्वयंपाक करता करता बाया ते ऐकू लागल्या, मुलं त्यावर नाचू लागली. ज्या घरांत पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती तिथे महाडचं चवदार तळं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि घटनेची कहाणी पोचली ती या फितीवरून. लोकशिक्षणाचं एवढं मोठं काम करूनही मराठी साहित्याच्या इतिहासात त्या गाण्यांना पानभर जागा नाही.

गाण्याच्या आधारावर एखाद्या समाजाने आपलं असणं तोलून धरावं, हे आपल्याकडेच घडलं असं नाही. युक्रेनमध्ये आंधळे कोबझार बंडुरा वाजवत गावोगाव फिरून कथागीतं गात. १९७० साली चेर्निव्त्सीत वैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या व्होलोदिमीर इवास्युक नावाच्या तरुणाने कार्पेथियन डोंगरातल्या लोककथेतल्या फुलावरून ‘चेर्वोना रुता’ हे गाणं रचलं, युक्रेनी भाषेत. सोफिया रोतारू आणि इतरांनी ते सोव्हिएत संघभर पोचवलं. रशियनच्या सावलीत मागे पडलेली भाषा तरुणांच्या ओठी फॅशनसारखी आली. १९७९ साली इवास्युकचा मृतदेह ल्विवजवळच्या रानात सापडला आणि त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. दहा वर्षांनी, सोव्हिएत सत्ता ढिली पडत असताना, चेर्निव्त्सीतच युक्रेनी गाण्यांचा मोठा महोत्सव भरला, त्याला नाव त्याच गाण्याचं दिलं. पुढे २००४ साली रुस्लानाने हुत्सुल डोंगरकऱ्यांची लांबलचक कर्णे आणि ढोलाचे ठेके घेऊन युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, तर २०२२ साली, युद्ध पेटलेलं असताना, कलुश ऑर्केस्ट्राने गावाकडची बासरी आणि रॅप एकत्र करून आईवरच्या गाण्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. तिकडे लोकसंगीतातून आलेल्या या गायकांना राष्ट्राचा आवाज मानतात. चेर्निव्त्सीच्या आणि कल्याणच्या गाण्यात साम्य असं की दोन्ही वरून कुणी नेमून दिलेली नाहीत. लोकांनी ती आधी उचलली, मान्यता देणारे मागून आले. आपल्याकडे ते अजून पुरते आलेले नाहीत.

कल्याणच्या आसपासचं आणखी एक गाणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहराच्या वेशीबाहेर भिवंडी, दिवा, डोंबिवलीच्या खाडीकाठची गावं आगरी-कोळ्यांची. मूळचा धंदा मिठागराचा, भातशेतीचा, मासेमारीचा. त्यांच्या लग्नात धवलारीण असते. ही बाई प्रत्येक विधीला धवला गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. तांदूळ दळण्यापासून हळद उतरेपर्यंतचं सगळं तिच्या तोंडी असतं. शांता शेळके यांच्या शब्दांतून आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीतून कोळीगीत मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आलं, ते सुंदरच आहे. पण खाडीकाठच्या हळदीत वाजतात ती गाणी वेगळी, एकविरा आईची, दर्याची, नवऱ्या मुलाच्या काकाला चिमटे काढणारी, आणि आगरी बोलीतली. कॅसेटच्या काळात वेसावकर मंडळींसारख्या पथकांनी त्यांना बाजार मिळवून दिला. आज गावातला एखादा मुलगा घरच्या संगणकावर ठेका बसवून गाणं तयार करतो आणि पुढच्या हळदीच्या हंगामात ते शंभर मंडपांत वाजतं. जयंतीची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन आणि आगऱ्यांची हळद या तिन्हींना बेंजो पथकंच हवी असतात, त्यामुळे चाली इकडच्या तिकडे जातात. जातींच्या भिंती लग्नाच्या पंगतीत अजून उभ्या आहेत. ढोलाच्या ठेक्याने त्या कधीच ओलांडल्या.

या देवाणघेवाणीचं फळ तिसऱ्या पिढीत दिसतं. आनंद शिंदे यांचा मुलगा आदर्श २०१३ साली ‘दुनियादारी’ चित्रपटातल्या ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ने घराघरात पोचला. आवाजात आजोबांची फेक आहे, पण त्याला स्टुडिओतल्या माइकची जाण आहे. कुठे गळा दाबून धरायचा आणि कुठे सोडायचा हे तो गाण्याच्या भावावर ठरवतो, मैदानाच्या लांबी-रुंदीवर नाही. २०१६ साली ‘पोश्टर गर्ल’मध्ये अमितराज यांच्या संगीतात बापलेक एकत्र गायले. ‘आवाज वाढव डीजे’ नावाचं ते गाणं लग्नाच्या वरातीत आजही वाजतं. दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले की फरक कळतो. आनंद शिंदे पहिल्याच सुराला शेवटच्या रांगेकडे पाहतात. आदर्श आधी जवळच्याला गाठतो आणि मग आवाज वाढवतो. मला स्वतःला पहिली तऱ्हा अधिक भावते, पण दुसरीशिवाय हे घराणं चित्रपटसंगीतात टिकलं नसतं हेही खरं. ज्या सिनेसंगीताने लोकगायकांना एखाददुसऱ्या लोकगीतापुरतं बोलावलं, त्याच्या दारातून आदर्श नायकाचा आवाज म्हणून आत गेला.

हा आवाज एका घराण्यापुरताही राहिलेला नाही. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गात. मोबाइलवर कुणीतरी टिपलेल्या गाण्याने त्या महाराष्ट्रभर माहीत झाल्या. ना कंपनी, ना कॅसेट, ना मंडप. प्रल्हाद शिंदे यांच्या आईवडिलांनी जिथून सुरुवात केली होती त्याच रस्त्यावरून एक बाई थेट लोकांच्या हातातल्या पडद्यावर आली. मधले सगळे अडथळे तिला लागलेच नाहीत, आणि मधले सगळे पैसेही तिला मिळाले नाहीत. लोकगायकाच्या गाण्यावर मालकी कुणाची, हा प्रश्न तबकडीपासून आजपर्यंत तसाच आहे. चाल कंपनीची, शब्द कंपनीचे, आणि कवी पुढच्या जयंतीच्या सुपारीची वाट पाहत घरी. भीमगीतांच्या कितीतरी कवींची नावं कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात होती. कागद गेले, फिती ओल लागून चिकटल्या, आणि ती गाणी आज इंटरनेटवर फक्त गायकाच्या नावाने फिरतात. ज्यांच्याकडे त्या कॅसेटी अजून ट्रंकेत आहेत त्यांनी निदान वरच्या कागदाचा फोटो तरी काढून ठेवावा.

२०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या आयुष्यावरची मालिका सुरू झाली. तिचं शीर्षकगीत आदर्श आणि त्याचा भाऊ उत्कर्ष यांनी केलं. उत्कर्ष पेशाने डॉक्टर आहे. चौदा एप्रिलच्या मैदानात रात्री दहानंतर सुरू होणारं भीमगीत तेव्हा रोज, जेवणाच्या वेळेला, अशाही घरांत वाजू लागलं जिथे ते पूर्वी कुणी मुद्दाम लावलं नसतं. आणि मालिका संपल्यावर ते गाणं वाहिनीपाशी थांबलं नाही. बेंजोवाल्यांनी ते उचललं, ठेका थोडा वाढवला आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला घेतलं.